फौज पाठवताना उद्दिष्ट लिहून घ्या

प्रति,
मा. खासदार,
सोलापूर, माढा आणि उस्मानाबाद लोकसभा मतदारसंघ

विषय: दिशाहीन लष्करी मोहिमांची राजकीय जबाबदारी ठरवण्यासाठी संसदेत करावयाची कामे

स. न. वि. वि.

सोलापूर जिल्ह्याचे अकरा तालुके लोकसभेच्या तीन मतदारसंघांत वाटले गेले आहेत, बार्शी तर थेट उस्मानाबादला जोडलेली आहे. म्हणून हे पत्र तिघांनाही. लिहिणारे आम्ही निवृत्त सैनिक, संरक्षणशास्त्र शिकवणारे आणि संसदेच्या कामकाजाचे नियम जाणणारे काही वकील आहोत. मागणी थोडक्यात अशी: भारतीय फौज लांबणाऱ्या मोहिमेवर जाते तेव्हा तिला काय साध्य करायचे आहे हे सरकारकडून लेखी घ्या, ते साधते आहे का हे ठरावीक मुदतीने विचारा, आणि नाही साधले तर निर्णय घेणाऱ्याचे नाव नोंदीवर आणा. सेनापतींची चौकशी लष्करात होते. मंत्र्यांची कुठे होते, ते आम्हाला दाखवा.

यात कोणत्याही पक्षाने खूश होण्यासारखे काही नाही. श्रीलंकेत शांतिसेना काँग्रेस सरकारने पाठवली. १३ डिसेंबर २००१ च्या संसदेवरील हल्ल्यानंतर ऑपरेशन पराक्रमसाठी सुमारे दहा महिने फौज पाकिस्तान सीमेवर उभी केली ती भाजपच्या नेतृत्वाखालील रालोआ सरकारने. सीमेवर सुरुंग पेरताना आणि पुढे ते काढताना जवान गेले, ऑक्टोबर २००२ मध्ये फौज मागे आली, आणि नेमके काय मिळाले म्हणजे परतायचे होते हे सरकारने देशाला कधी स्पष्ट सांगितले नाही.

आधी राज्यघटनेतली एक विसंगती पाहा. अनुच्छेद ३५२ खाली युद्धाच्या कारणावरून आणीबाणी लावायची तर मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवावा लागतो, महिन्याभरात दोन्ही सभागृहांची विशेष बहुमताने मान्यता लागते आणि ती दर सहा महिन्यांनी पुन्हा घ्यावी लागते. ही बंधने ४४ व्या दुरुस्तीने, १९७८ मध्ये, अनुभवाने शहाणे होऊन घातली गेली. पण ज्या युद्धासाठी ही आणीबाणी, ते युद्ध करायला किंवा परदेशात चार डिव्हिजन पाठवायला संसदेचे एकही मत लागत नाही. अनुच्छेद ५३ म्हणतो की सेनादलांच्या सर्वोच्च आधिपत्याचा वापर कायद्याने विनियमित होईल. फौज कधी, कशासाठी आणि किती दिवस वापरायची याचे विनियमन करणारा कायदा मात्र आजवर झालेला नाही.

आता श्रीलंका. हे उदाहरण जरा सविस्तर मांडतो, कारण उद्दिष्ट ठरलेले नसले की काय काय बिघडते ते इथे एकामागून एक दिसते.

२९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जे. आर. जयवर्धने यांनी करार केला. ४८ तासांत शस्त्रसंधी, त्यानंतर ७२ तासांत वेगळ्या राज्यासाठी लढणाऱ्या तमिळ गटांनी शस्त्रे खाली ठेवायची, असे वेळापत्रक होते. ज्यांनी शस्त्रे ठेवायची त्यांतल्या मुख्य बंडखोर संघटनेची, एलटीटीईची, करारावर सही नव्हती. कराराच्या जोडपत्रात एक वाक्य होते: गरज पडल्यास शस्त्रसंधीची हमी देण्यासाठी आणि ती अमलात आणण्यासाठी श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष भारतीय शांतिसेनेला बोलावू शकतात. पुढचे ३२ महिने याच वाक्याच्या आधारावर गेले. हमी देणे हे पहारेकऱ्याचे काम. अमलात आणणे म्हणजे प्रसंगी गोळी चालवणे. दोन्हींना लागणारी फौज, शस्त्रे, हेरखाते आणि नकाशे वेगळे. ५४ वी इन्फंट्री डिव्हिजन तिथे उतरली ती पहारेकऱ्याच्या तयारीने. जड शस्त्रे पुरेशी नव्हती, नकाशे अपुरे आणि जुने होते, आणि समोर कोण आहे याचा अंदाज त्या संघटनेला १९८३ नंतर आपल्याच यंत्रणांनी दिलेल्या प्रशिक्षणाच्या आठवणींवर बेतलेला होता.

५ ऑक्टोबर १९८७ रोजी श्रीलंकेच्या ताब्यातल्या एलटीटीईच्या बारा जणांनी जाफनाजवळच्या पलाली तळावर सायनाइड खाऊन जीव दिला. आठवड्याच्या आत शांतिसेनेला जाफना घेण्याचा हुकूम निघाला. म्हणजे उद्दिष्ट क्रमांक दोन: निःशस्त्रीकरण, तेही बळाने. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने जवान उतरवून एलटीटीईचे नेतृत्व पकडायचे ठरले. शत्रूने आपले रेडिओ संदेश ऐकलेले होते आणि तो दबा धरून बसला होता. एमआय-८ हेलिकॉप्टरांना गोळ्या लागल्या आणि मागून येणारी कुमक थांबली. १० पॅराचे कमांडो लढत बाहेर निघाले. १३ शीख लाइट इन्फंट्रीचे जे ३० जवान उतरले होते त्यांतले २९ ठार झाले आणि एक पकडला गेला. या रात्रीबद्दल लष्करात भरपूर लिहिले गेले आहे: गुप्तता कशी फुटली, उतरण्याची जागा कशी चुकली. ते योग्यच आहे. पण आठवड्यापूर्वी शांततेची हमी देणाऱ्या फौजेला इतक्या घाईने शहर जिंकायला कोणी लावले, आणि त्याआधी लागणारी कुमक येईपर्यंत थांबायला कोणी नकार दिला, हा प्रश्न बटालियनच्या पातळीवरचा नाही.

जाफना शहर दोन-एक आठवड्यांत हाती आले. बंडखोर जंगलात गेले. मग उद्दिष्ट तिसरे आले: प्रांतिक परिषदेच्या निवडणुका घेणे. त्या नोव्हेंबर १९८८ मध्ये झाल्या आणि वरदराज पेरुमाल मुख्यमंत्री झाले. चौथे उद्दिष्ट त्यांचे सरकार टिकवणे. त्यासाठी तमिळ नॅशनल आर्मी उभी करण्यात आली. ती काही महिन्यांतच कोसळली आणि तिची शस्त्रे बऱ्याच अंशी एलटीटीईच्या हाती पडली. जून १९८९ मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांनी भारतीय फौज जुलैअखेर बाहेर काढा असे जाहीर सांगितले आणि त्याच सुमारास त्यांचे सरकार एलटीटीईला भारतीय फौजेविरुद्ध शस्त्रे पुरवत होते. मग पाचवे उद्दिष्ट उरले, अब्रूने परतणे. शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला निघाली.

एकाच्या चार डिव्हिजन झाल्या. प्रत्येक टप्प्यावर संसदेत निवेदने झाली, चर्चाही झाल्या, पण उद्दिष्ट बदलले म्हणून मान्यता मागावी असे सरकारला वाटले नाही आणि ती घ्यायला लावावी असे सभागृहालाही वाटले नाही. १,१०० हून अधिक जवान तिकडे पडले. ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. परतणाऱ्या फौजेच्या मद्रासमधल्या स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. राजकारण्यांनी धोरणावरचा राग काढला तो जवानांवर, धोरण आखणाऱ्यांवर नाही. दिल्लीत राष्ट्रीय युद्ध स्मारक २०१९ मध्ये झाले. त्याआधीच कोलंबोजवळ श्रीलंकेने या भारतीय जवानांचे स्मारक उभे केलेले होते.

एक गोष्ट ध्यानात घ्या. हे युद्ध हरले असे म्हणायला कोणीच तयार नाही आणि जिंकले असेही नाही. पाचही उद्दिष्टांपैकी कशावर मोजायचे हेच ठरलेले नव्हते. याउलट १९९९ च्या कारगिलमध्ये उद्दिष्ट आणि मर्यादा दोन्ही स्वच्छ होत्या: घुसखोरांना हटवा, नियंत्रण रेषा ओलांडू नका. किंमत भारी पडली, ५२७ जण गेले, पण काम झाले की नाही हे कोणालाही तपासता आले. युद्ध संपल्यावर तीनच दिवसांनी, २९ जुलै १९९९ ला, के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली आढावा समिती नेमली गेली आणि २३ फेब्रुवारी २००० ला तिचा अहवाल, काही भाग झाकून का होईना, संसदेच्या पटलावर आला. ज्याला आपण काय करतो आहोत हे माहीत असते, त्याला चौकशीची कमी भीती वाटते.

१९६२ च्या चीन युद्धाचे उदाहरण मराठी वाचकाला जास्त जवळचे. कृष्ण मेनन पायउतार झाले आणि यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हेंडरसन ब्रूक्स आणि भगत या दोन अधिकाऱ्यांनी चौकशी केली. २ सप्टेंबर १९६३ रोजी यशवंतरावांनी लोकसभेत तिचा सारांश सांगितला, तेव्हा चौकशीच्या पाच बाबीही सांगितल्या: प्रशिक्षण, साधनसामग्री, आधिपत्याची पद्धत, जवानांची शारीरिक क्षमता, आणि हाताखालच्या माणसांवर प्रभाव टाकण्याची सेनाधिकाऱ्यांची कुवत. पाचही बाबी लष्कराच्या. पुढे सरकून चौक्या मांडण्याचे धोरण कोणी ठरवले, ते बळ नसताना का रेटले, ही सहावी बाब कार्यकक्षेतच नव्हती. चौकशीचा कस तिच्या कार्यकक्षेच्या मसुद्यात असतो. पुढे कधी एखादी समिती नेमली गेली तर आधी तो मसुदा मागा, सदस्यांची नावे नंतर पाहा. हा अहवाल सरकारने अजूनही प्रसिद्ध केलेला नाही. त्याचा मोठा भाग एका परदेशी पत्रकाराने २०१४ मध्ये इंटरनेटवर टाकला, तरी दिल्लीच्या कपाटात तो गोपनीयच आहे.

आता तुम्ही काय करू शकता, त्याकडे येऊ.

सर्वांत सोपे काम म्हणजे श्रीलंकेच्या मोहिमेच्या, म्हणजे ऑपरेशन पवनच्या, फाइली बाहेर काढणे. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने धोरण जाहीर केले: मोहीम संपल्यापासून दोन वर्षांत इतिहासलेखनासाठी समिती, पुढच्या तीन वर्षांत संकलन पूर्ण, आणि कागदपत्रे सर्वसाधारणपणे २५ वर्षांनी खुली, तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे. श्रीलंकेतल्या मोहिमेची २५ वर्षे २०१५ मध्ये भरली. हे धोरण आहे, कायद्याची सक्ती नाही, ही त्यातली पळवाट. ‘माहिती अधिकारात मागा’ असे कोणी सांगेल. तो रस्ता अर्ध्यावर बंद होतो. कलम ८(३) प्रमाणे २० वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती द्यावी लागते असे लोक समजतात, पण देशाच्या सुरक्षिततेचा अपवाद त्याच पोटकलमाने २० वर्षांनंतरही कायम ठेवलेला आहे. म्हणून प्रश्न सभागृहातच विचारावा लागेल.

तो कसा विचारायचा यावर सगळे अवलंबून आहे. निदान १५ पूर्ण दिवसांची सूचना लागते. प्रश्न साधारण १५० शब्दांत बसवावा लागतो. ‘सरकारला असे वाटते का’ अशी सुरुवात केली तर मत विचारले म्हणून तो फेटाळला जातो. तुकड्यांची संख्या, हालचाली, शस्त्रे असे काही विचारले तर ‘राष्ट्रीय सुरक्षेच्या हिताचे नाही’ हे तयार उत्तर येते, आणि ते चुकीचेही नसते. म्हणून युद्धाबद्दल विचारू नका. फाइलींबद्दल विचारा. मसुदा असा:

‘(क) जून २०२१ च्या धोरणानुसार ऑपरेशन पवन (१९८७–९०) च्या इतिहासलेखनासाठी समिती नेमण्यात आली आहे काय, असल्यास कोणत्या तारखेस, (ख) या मोहिमेच्या किती फाइलींची तपासणी झाली आणि किती राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवल्या, (ग) उर्वरित फाइली रोखून ठेवण्याची प्रकारनिहाय कारणे कोणती, (घ) इतिहास कोणत्या तारखेपर्यंत प्रसिद्ध होईल?’

यात एकही गुपित नाही. संख्या आणि तारखा आहेत, आणि त्या टाळायच्या तर टाळल्याचे दिसते. दिवसाला तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराच्या, यादीत २० प्रश्न असतात, क्रम सोडतीने लागतो, आणि सभागृह चालले तरी पहिले मोजकेच तोंडी उत्तरापर्यंत पोहोचतात. म्हणून तिघांनीही एकाच दिवसासाठी सूचना द्या आणि जोडीला लेखी उत्तराचा अतारांकित प्रश्नही टाका. ‘माहिती गोळा केली जात आहे’ असे उत्तर आले तर नाराज होऊ नका, ते सर्वांत उपयोगी उत्तर आहे. ते आश्वासन धरले जाते, तीन महिन्यांत पुरे करायचे असते, आणि शासकीय आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. खासदार नुसते विचारून मोकळे होतात आणि आश्वासनाची नोंद पुढे कोणी उघडून पाहत नाही, हा या व्यवस्थेतला खरा घोळ आहे.

दुसरे काम संरक्षणविषयक स्थायी समितीचे. तिच्यात ३१ सदस्य असतात, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे, आणि मंत्री सदस्य नसतात. तुम्ही तिच्यावर नसाल तर सदस्याला लेखी द्या. ‘युद्धाची चर्चा उघड्यावर कशी करणार’ हा आक्षेप इथे टिकत नाही, कारण संसदीय समित्यांच्या बैठका बंद दाराआडच होतात आणि राज्याच्या सुरक्षिततेला बाध येणारा कागद नाकारायची मुभा सरकारला नियमातच आहे. तरीही समितीचा वेळ अनुदानाच्या मागण्या, खरेदीतली दिरंगाई आणि जवानांच्या घरांवर जातो. हे विषय महत्त्वाचेच आहेत, पण मोहीम कशासाठी हा प्रश्न तिथे उमटत नाही. सभागृहात तर संरक्षणाच्या मागण्या कित्येक वर्षी चर्चेविना, गिलोटिन लावून मंजूर झाल्या आहेत. उजनीतून पाणी सोडले की किती टीएमसी, कोणत्या कालव्याला, कोणाच्या आदेशाने आणि मृतसाठ्याला किती उरले, हे कालवा सल्लागार समितीत आपण टोकरून टोकरून विचारता. तेवढीच चिकाटी इथे पुरे आहे.

तिसरे काम खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडायचे विधेयक. भ्रमात राहू नका. आजवर १४ खासगी विधेयके कायदा झाली आणि शेवटचे १९७० मध्ये. विधेयक संमत होणार नाही. पण ते मांडले की मसुदा नोंदीवर येतो आणि चर्चेला आले तर सरकारला आपले उत्तर द्यावे लागते. मसुद्यात काय असावे ते परदेशांच्या चुका पाहून ठरवता येते. अमेरिकेच्या १९७३ च्या कायद्यात ४८ तासांत तिथल्या संसदेला (काँग्रेसला) कळवणे आणि मान्यता नसल्यास ६० दिवसांत लढाई थांबवणे आहे. २०११ मध्ये लिबियात ओबामा सरकारने ही कारवाई त्या कायद्यातल्या लढाईत मोडतच नाही असा युक्तिवाद करून मुदत ओलांडली. म्हणून आपल्या मसुद्यात शब्दांच्या व्याख्येवर विसंबू नये, आकडा घालावा: एका बटालियनहून मोठे बळ, ३० दिवसांहून अधिक काळ. जर्मनीच्या २००५ च्या कायद्यात सरकारने कामगिरी, क्षेत्र, कायदेशीर आधार, जवानांची कमाल संख्या, मुदत आणि खर्च लिहून संसदेची संमती घ्यायची असते. हा नमुना चांगला आहे, पण अफगाणिस्तानसाठी तिथल्या संसदेने मुदतवाढ देत देत सुमारे वीस वर्षे काढली. कारण कागदावर सगळे होते, काम कशाने पुरे झाले समजायचे ते पडताळता येईल असे नव्हते.

म्हणून सरकारने उद्दिष्ट लिहून द्यायच्या आमच्या मसुद्यातल्या एका पानात दोन गोष्टी जास्तीच्या आहेत: काम साधल्याची तपासता येणारी खूण, आणि कोणत्या परिस्थितीत माघार घ्यायची ती अट. तिन्ही दलांचा एकच सेनापती कोण, हेही त्यात असावे. श्रीलंकेत तसा एक अधिकारी प्रत्यक्षात नव्हता. हे पान पंतप्रधानांच्या सहीने ३० दिवसांत संरक्षणविषयक स्थायी समितीकडे जावे, दर ९० दिवसांनी नवे यावे, आणि उद्दिष्ट बदलले तर त्या बदलाचे कारण व तारीख वेगळी लिहिली जावी. सीमेवरचा तातडीचा प्रतिकार आणि संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमा यातून वगळाव्यात.

प्रश्न विचारल्याने जवानाचे मनोबल खचते, असे तुम्हाला ऐकवले जाईल. मनोबल खचते ते काम बदलत राहिले आणि कारण कोणी सांगितले नाही की. मे २०२५ नंतर जुलैअखेर लोकसभेत ऑपरेशन सिंदूरवर लांब चर्चा झाली आणि त्याने कोणाचे शस्त्र गळून पडले नाही. भाषणे मात्र बहुतेक एकमेकांच्या पक्षांच्या इतिहासावर झाली. आणि लष्कर कोणाच्या हुकुमाने आणि कशासाठी आले हे विचारणे सोलापूरकरांना नवे नाही. मे १९३० चा मार्शल लॉ या शहराने सोसलेला आहे.

प्रश्नाचा मसुदा वर दिलाच आहे. विधेयकाचा कच्चा मसुदा आणि समितीसाठीचे टिपण तिन्ही संपर्क कार्यालयांत पोहोचवत आहोत. पुढच्या अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की संरक्षण मंत्रालयाच्या प्रश्नांचा वार पाहून सूचना द्यावी. सूचना दिल्यावर तिची पोच आणि आलेल्या उत्तराची प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या फलकावर लावावी, म्हणजे श्रीलंकेला गेलेल्यांना आणि तिथे पडलेल्यांच्या घरच्यांना ती वाचता येईल. सूचना द्यायची नसेल तर तसेही लेखी कळवावे.

आपले,
सोलापूर जिल्ह्यातील काही निवृत्त सैनिक, प्राध्यापक आणि वकील